खिशातला घडीचा चाकू, नोंद २: धारेमागची जाडी, लॉक आणि उरलेली यादी

मागच्या नोंदीत चाकू निवडायची मापं ठरली: पातं ६० ते ८५ मिलिमीटर, वजन १०० ग्रॅमच्या आत, मूठ चार बोटांत मावणारी. या खेपेला चाळणी लावली ती धारेमागच्या जाडीची, आणि अर्धी यादी तिथेच गळली.

मोजायची रीत सोपी आहे. धारेचा चमकता उतार जिथे संपतो, त्याच्या लगेच वर व्हर्नियर कॅलिपर लावायचा. कॅलिपरचे जबडे धारेवर घासू द्यायचे नाहीत. ०.३ ते ०.५ मिलिमीटर आलं तर पातं कामाचं. ०.७ किंवा जास्त आलं तर धार कितीही चढवा, पुठ्ठ्यात पातं मध्येच अडकतं आणि गाजर चिरण्याऐवजी तडकतं. कारण धार आत शिरते, पण मागचा खांदा फट रुंदावत बसतो. जाहिरातीत ‘टॅक्टिकल’ हा शब्द दिसला की पाठ साडेतीन-चार मिलिमीटरची असणार हे बहुधा धरून चालावं. पाकिटं, दोऱ्या, फळं एवढ्यासाठी पाठीला २ ते २.५ मिलिमीटर भरपूर झाले.

कापण्याच्या बाबतीत मापदंड म्हणून ओपिनेलचा ८ नंबर समोर ठेवला आहे: पातं साडेआठ सेंटिमीटर, पाठ दोन मिलिमीटरहून कमी, वजन पन्नास ग्रॅमच्या आत. १९५५ पासून येणारी त्याची फिरती कडी हे साधं आणि भरवशाचं लॉक. अडचण लाकडी मुठीची: पाणी लागलं की लाकूड फुगतं आणि पातं खाचेत गच्च बसतं. मग मुठीचं टोक टेबलावर आपटून पातं बाहेर काढावं लागतं. सुकलं की पूर्ववत होतं, पण घामट खिशासाठी हा दुसरा चाकूच.

लायनर लॉकमध्ये मुठीच्या आतल्या धातूच्या पत्र्याची (लायनरची) वळलेली पट्टी उघड्या पात्याच्या बुडाला अडवून धरते. ते बघताना टॉर्च हवाच. चाकू उघडून, पट्टी पात्याच्या बुडावर कुठे टेकते ते पाहा. नव्या चाकूत ती बुडाच्या रुंदीच्या साधारण एक तृतीयांश ते निम्म्यापर्यंत यावी. नुसत्या कडेवर टेकत असेल तर दाबाखाली निसटू शकते. पार पलीकडच्या लायनरला भिडली असेल तर पुढे झीज भरून काढायला जागा उरलेली नाही, पातं लवकरच वरखाली हलू लागणार. मग मूठ दोन्ही बाजूंनी धरून, बोटं पात्याच्या वाटेबाहेर ठेवून, पाठ लाकडावर टेकवून हळूहळू दाब वाढवा. दाबतानाच मूठ किंचित पिळा. कच्चं लॉक बहुतेक वेळा पिळल्यावरच सुटतं. पाठ आपटून बघू नका, त्यात चांगलं लॉकही खराब होतं.

लॉकइतकाच महत्त्वाचा, आणि फार कमी जण तपासतात तो, म्हणजे डिटेंट: पातं बंद ठेवणारी पट्टीतली बारीक गोळी. मिटलेला चाकू पात्याचं तोंड खाली करून मनगटाने झटका. पातं जरासुद्धा बाहेर आलं तर तो चाकू बाद. असा चाकू खिशात हात घातल्यावरच कळतो!

पातं डावी-उजवीकडे हलत असेल तर आधी पिव्होट, म्हणजे पातं ज्यावर फिरतं तो स्क्रू. बऱ्याच मॉडेलमध्ये टी८ टॉर्क्स (चांदणीच्या टोकाचा पेचकस) लागतो, मुठीच्या स्क्रूंना टी६. एका वेळी अष्टमांश फेराच आवळा आणि दर वेळी उघडझाप करून बघा; हलणं थांबलं की तिथेच थांबा. पातं एका लायनरला घासत असेल तर पिव्होट आवळून काही होत नाही. मुठीचे सगळे स्क्रू सैल करा, पातं मध्यावर आणा आणि आलटून पालटून आवळा. निळा थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) आट्यांवर टाचणीच्या टोकाइतकाच. वॉशरवर उतरला की पातं जड चालतं. तेल मिनरल ऑइल, एक थेंब. खाद्यतेल काही आठवड्यांत चिकट होऊन खिशातला कापूस धरून ठेवतं.

पोलादावर वाद घालायला सगळ्यांना आवडतं, म्हणून थोडक्यात. १४सी२८एन: गंज कमी, साध्या दगडावर झटपट धार. डी२ची धार जास्त टिकते. पण १२ टक्के क्रोमियम असूनही त्यातलं बरंच कार्बाइडच्या कठीण कणांमध्ये अडकलेलं असतं, त्यामुळे लिंबू कापून तसंच मिटलं तर डाग पडतात. २०२१ साली आलेलं मॅग्नाकट दोन्ही गोष्टी साधतं, फक्त धार लावायला त्याला डायमंड प्लेट (हिऱ्याच्या कणांची पट्टी) बरी.

यादीत आता दोनच: १४सी२८एनचा लायनर लॉक, आणि मिटल्यावर ९३ मिलिमीटर लांबीचा, ॲलॉक्स (ॲल्युमिनियमच्या) मुठीचा व्हिक्टोरिनॉक्स. दुसऱ्याच्या मुख्य पात्याला लॉक नाही, नुसती पाठीची स्प्रिंग. त्यामुळे टोचण्याचं काम त्याच्या पात्याकडून घ्यायचं नाही, ते त्याच्याच भोकं पाडायच्या टोच्याने करायचं.

पुढची तुलना पुठ्ठ्यावर. कारखान्याची धार तशीच ठेवली तर दोन कारखान्यांची तुलना होईल, चाकूंची नव्हे. म्हणून दोन्ही आधी एकाच १००० ग्रिटच्या दगडावर, दर बाजूला १७ अंशांनी. धारेवर मार्करची रेघ ओढायची: शाई खांद्याकडेच निघाली तर पातं जास्त आडवं धरलंय, टोकाकडेच निघाली तर जास्त उभं. बर (घासताना धारेच्या पलीकडे वळणारी बारीक कड) पूर्ण लांबीभर लागल्याशिवाय बाजू बदलायची नाही, आणि शेवटी चामड्यावर तो बर काढायचा. पुठ्ठा एकाच गठ्ठ्यातला, काप नाळ्यांना आडवे, आणि दर मीटरनंतर वर्तमानपत्राच्या कागदावर चाचणी. कागद फाटू लागला की तो आकडा लिहायचा.