चाळकेवाडीचं पठार: पवनचक्क्या, कोयनेचं पाणी आणि एक सरडा

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर सौर पॅनल बसवायचा विषय निघाला, तेव्हा सभेत एका आजींनी विचारलं, "पावसाळ्यात चार महिने धड ऊन नसतं, तेव्हा काय करणार रे?" मी म्हटलं, "आजी, नेट मीटरिंग आहे. आपली जास्तीची वीज बाहेर जाते, आपली कमी पडली तर बाहेरची वीज येईल." उत्तर बरोबर होतं, पण अर्धंच. बाहेरची म्हणजे कुठली? सगळी कोळशाचीच असेल, तर आपण मिळवलं काय? हे डोक्यातून जाईना, म्हणून मेच्या तिसऱ्या आठवड्यात साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर जाऊन आलो. आपल्याकडे सूर्य झाकला जातो तेव्हाच वारा सुटतो, आणि तो कसा पकडतात ते या पठारावर दिसतं.

पुण्याहून आदल्या रात्री साताऱ्यात मुक्काम करणं बरं. मी पहाटेच मोटारसायकल काढली. बोगदा ओलांडून सज्जनगडाचा रस्ता धरायचा, उरमोडी धरणाचं पाणी मागे टाकत ठोसेघर गाठायचं, आणि तिथून आणखी थोडं वर चढलं की चाळकेवाडी. साताऱ्यापासून साधारण तास-सव्वा तास लागतो. पेट्रोल साताऱ्यातच भरा. पाणी भरपूर न्या, कारण पठारावर सावली जवळजवळ नाही आणि वाऱ्यामुळे ऊन लागतंय हे कळत नाही. माझी मान संध्याकाळपर्यंत सोलवटून निघाली होती. मोबाइलची रेंज अधूनमधून जाते, तेव्हा नकाशा आधीच उतरवून ठेवा.

शेवटच्या वळणानंतर पहिली चक्की एकदम अंगावर येते. लांबून खेळण्यातल्या भिरभिऱ्यासारखी वाटणारी वस्तू जवळ गेल्यावर वेगळीच असते. पात्यांची सावली रस्त्यावरून सर्रकन सरकते, गाडीवरून जाते, परत येते. आवाज सलग नसतो. पातं खाली आलं की सूंऽऽ, मग क्षणभर काहीच नाही, मग पुन्हा सूंऽऽ. एका चक्कीच्या पांढऱ्या खांबावर वरपासून अर्ध्यापर्यंत काळसर तेलाचा ओघळ आला होता. ती बंद होती. शेजारच्या दोन फिरत होत्या.

तिथेच एक काका गुरं घेऊन बसले होते.

"कुठनं आलायसा?"

"पुण्याहून, काका. चक्क्या बघायला आलोय."

"बगा की. पर आत्ता काय निम्मंच पंखं फिरत्यात. पाऊस लागला की या. रातच्याला झोप लागू देत न्हाईत."

मी विचारलं, गावाला या विजेचा फायदा होतो का? ते हसले नाहीत. "पंखं आमच्या डोक्यावर, आन लाईट गेली की आमी अंधारात."

हे ऐकून वाईट वाटलं, पण त्यामागचं कारण समजून घ्यायला हवं. चक्कीतली वीज खालच्या ट्रान्सफॉर्मरमधून दाब वाढवून उपकेंद्राकडे जाते आणि तिथून ग्रिडमध्ये, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या तारांच्या मोठ्या जाळ्यात. गावाची लाइन वेगळी. तारा डोक्यावरून जातात म्हणून दिवा लागतोच असं नाही. माझ्या मते पुढच्या प्रत्येक प्रकल्पात ज्यांची जमीन, त्यांच्या घरचा दिवा आधी, अशी अट घालायला हवी.

बंद चक्क्यांची गोष्ट समजायला थोडं मागे जावं लागतं. चाळकेवाडी आणि पलीकडचं वनकुसवडे इथे १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून चक्क्या उभ्या राहिल्या. वनकुसवड्याचा प्रकल्प २५९ मेगावॅटचा, आणि त्या काळात ही मोठी गोष्ट होती. तेव्हा चक्की घेणाऱ्याला तिची १०० टक्के किंमत पहिल्याच वर्षी घसारा, म्हणजे यंत्राची झीज, म्हणून करपात्र उत्पन्नातून वजा करता यायची. कर वाचला की निम्मं काम झालं. चक्की किती वीज देते याच्याशी त्या सवलतीचा संबंध नव्हता. प्रत्यक्ष निर्माण केलेल्या युनिटमागे ५० पैसे प्रोत्साहन द्यायची केंद्राची योजना २००९ साली आली. सवलत कशावर देतो यावर यंत्राची देखभाल किती होते ते ठरतं, असं मला तो तेलाचा ओघळ बघताना वाटत राहिलं.

इथली बरीचशी जुनी यंत्रं ३५० किलोवॅटच्या आसपासची, पात्यांचा व्यास जेमतेम ३३ मीटर. आजच्या चक्कीचा व्यास १२० मीटर आणि त्याहून मोठाही असतो. म्हणजे एकच नवी चक्की साधारण १३ जुन्यांइतका वारा कवेत घेते. शिवाय वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली ऊर्जा आठपट होते, आणि उंचावर वारा जास्त. नवी पठारं खोदत बसण्यापेक्षा याच जागी जुन्या उतरवून मोजक्याच, पण मोठ्या चक्क्या लावणं मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. केंद्राने त्यासाठी २०१६ साली धोरणही आणलं आहे. घाटातून तेवढी लांब पाती वर नेणं सोपं नाही, पण नवीन डोंगर फोडण्यापेक्षा सोपंच.

नवीन पठार का नको, ते इथला एक जीव सांगतो. रस्त्याकडेच्या दगडावर वीतभर लांबीचा सरडा बसला होता. मी थांबलो तसा त्याने गळ्याखालचा पंखा उघडला. निळा, काळा, नारिंगी, आणि निळा इतका चमकदार की मोराची आठवण व्हावी. मिटला, पुन्हा उघडला. मेमध्ये मादीसाठी नरांची ही धावपळ सुरू असते. या सरड्यांच्या गटाचं (जीनसचं) २०१६ साली ठेवलेलं शास्त्रीय नावच 'सरडा' आहे, थेट आपल्या मराठीतून घेतलेलं.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी याच पठारावर अभ्यास करून २०१८ साली निष्कर्ष मांडले. चक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीने कमी आढळले. पक्षी येईनासे झाले, म्हणून सरडे वाढले. भीती कमी झाल्याने माणसाला जवळ येऊ देऊ लागले. पण गर्दी झाल्याने अंगाने रोडावले, गळ्याचा रंगही फिका पडला. म्हणजे चक्कीने धूर सोडला नाही, तरी घार-ससाण्यांना तिने तिथून हुसकावलं. मी पवनऊर्जेच्या बाजूचा माणूस आहे आणि हे वाचूनही राहिलो. पण जागा निवडताना हा हिशेब आधी मांडायलाच हवा.

पठाराच्या पश्चिम कडेला गेलात तर खाली शिवसागर दिसतो, कोयनेचा जलाशय. १०५ टीएमसीचं धरण, १९६० मेगावॅटची वीज. आजींच्या प्रश्नाचं उरलेलं अर्धं उत्तर मला तिथे मिळालं. वारा पावसाळ्यात जोरात, पण तोही मध्येच पडतो. तो पडला की काही मिनिटांत चालू होते ती पाण्याची वीज. ऊन, वारा, पाणी एकमेकांना सांभाळून घेतात. कोयनेचं पाणी सरसकट वापरून टाकण्यापेक्षा अशा वेळेसाठी राखलं, तर त्याची खरी किंमत होईल.

जाणाऱ्यांसाठी थोडं. हा परिसर कोयना अभयारण्याला आणि सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाला लागून आहे. काही भागात परवानगीशिवाय जाता येत नाही, तेव्हा फाटक दिसलं की मागे वळा. गाडी गवतात घालू नका, दगड उलटू नका, त्याखाली कुणाचं तरी घर असतं. चक्कीच्या बुडाशी, कुंपणाच्या आत पाऊल टाकू नका. मेमध्ये दुपारनंतर वळवाचे ढग जमतात, आणि उघड्या पठारावर वीज पडते. पश्चिमेला काळं दिसायला लागलं की निघायचं. मी दीड वाजता निघालो, ठोसेघरच्या खाली आलो आणि टपोरे थेंब सुरू झाले. लवकर उरकलं तर परतताना सज्जनगडावर दुपारचा महाप्रसाद मिळतो.

फिरणाऱ्या चक्क्या बघायच्या असतील तर जुलैत जा, पण धुकं इतकं की खांबाचं बूडही दिसत नाही, नुसता आवाज येतो. गाडीचे दिवे चालू ठेवा, वेग बैलगाडीचा ठेवा. आजींना मी मेमध्ये टिपलेला आवाज मोबाइलवर ऐकवला. त्या म्हणाल्या, "जुलैत जाशील तेव्हा मलाही ने." गाडीत पुढची जागा त्यांच्यासाठी ठेवली आहे.