सुपरहिरोला सकाळी पाळीवर जायचं असतं

आमच्या ग्रुपला टेबलटॉप रोलप्लेइंग (एकानं गोष्ट चालवायची, बाकीच्यांनी त्यातली पात्रं व्हायचं, काय जमलं ते फासे ठरवणार) म्हटलं की आधी ड्रॅगनच पाहिजे असायचा, पण दिवाळीपासून आम्ही गल्लीतल्या सुपरहिरोंचा गेम खेळायलोय, तोही आपल्या सोलापुरातच घडणारा, आणि खरं सांगतो मला आता दुसरं काही चालवावंसंच वाटत नाही.

सिस्टीम, म्हणजे नियमांचं पुस्तक, म्युटंट्स अँड मास्टरमाइंड्स, तिसरी एडिशन. त्यात नेहमीचा हिरो पॉवर लेव्हल (ताकदीची पातळी) १० चा असतो, त्याच्या शक्ती घ्यायला १५० पॉइंट मिळतात. मी लेव्हल ६ धरली, म्हणजे ९० पॉइंट. उडणं बंद, बिल्डिंग उचलणं बंद. एक विडी वळणारी अक्का आहे, तिला अंधारात लख्ख दिसतं, बास. दुसरा पॉवरलूमवरचा पोरगा, त्याला मागांच्या खडखडाटात पण पलीकडच्या बोळातली कुजबुज ऐकू येते.

ह्या गेममधे हिट पॉइंट, म्हणजे मार लागला की कमी होणारे जिवाचे पॉइंट, नसतात. मार लागला की फासा टाकून टफनेस चेक, म्हणजे मार सोसला का ते बघायचं, हुकला की पुढच्या टफनेस चेकला उणे एक, आणि ते साठत जातं. पुस्तकाप्रमाणे हे मिनिटामिनिटाला भरून येतं, ते मी काढून टाकलं, दिवसाला एकच भरणार, आणि ते उणे कामाच्या चेकलाही धरलं. एवढ्या बदलानं सगळा गेम फिरला!

विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, एका बाईकडं सावकाराची वसुलीची माणसं आली, पोरानं त्यांना तुडवलं, खेळणारा मित्र खूश, "मिटलं की बे!" मी विचारलं, सकाळच्या पाळीचं काय? हात सुजलेला, उणे तीन. धागा तुटला, गाठ मारायला फासा टाकला, हुकला, परत हुकला, कापडात डाग पडला आणि मालकानं मजुरी कापली. तोवर तीच माणसं दिवसाढवळ्या त्या बाईच्या दारात हजर, आणि हिरो कामावर अडकलेला. टेबलावर कुणी बोलेना. मग अक्का खेळणारी म्हणाली, मी पान-तंबाखू घ्यायला कारखान्यात जाते तिथं बायकांना गोळा करते. विनापरवाना सावकारी २०१४ च्या कायद्यानं गुन्हा आहे, अर्ज घेऊन सगळ्याजणी सहकार खात्याच्या सहायक निबंधकांकडे गेल्या, आणि ह्या सीनला आम्ही मारामारीपेक्षा जास्त वेळ दिला, मला तर तो अख्ख्या गेममधला सगळ्यात भारी सीन वाटतो.

लेव्हल १० चा हिरो असता तर त्यानं सावकारालाच उचलून नेलं असतं आणि त्या बायका आम्हाला कधी भेटल्याच नसत्या.

पुढच्या रविवारी गेममधे होम मैदानावर गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, भरवतोय. पाळणे, भोंगे, एवढी गर्दी, त्यात त्या पोराच्या कानाचं काय होतंय ते बघायचंय.