करारातली ती एक ओळ: जेवणाचं कुपन

गोव्यातली वेर्णा औद्योगिक वसाहत असो की कुंडईची, युनियनशी करार करताना सगळा जोर पगारवाढीवर. जेवणाला एकच ओळ: 'कंपनी कुपन देईल.' भांडण तिथूनच सुरू होतं. रक्कम हजेरीच्या दिवसाची की महिन्याची, ते लिहा. दिवसाला 50 रुपये आणि 26 दिवस धरले तर 1300. चार रजा पडल्या की 1100. रात्रपाळीचं काय? पहाटे तीनला कुपन घेणारं हॉटेल बंद, कुपनचं कार्ड नुसतं खिशात. त्या पाळीला डबा पुरवण्याचं कलम वेगळं घाला.

मार्च 2026 पर्यंत लागू असलेल्या आयकर नियम 1962 प्रमाणे करसवलत जेवणामागे 50 रुपये होती, तीही जुन्या करप्रणालीत. (तेवढ्यात भाजी-पाव होतो, मासळीची थाळी विसरा.)

समेट अधिकाऱ्यापुढे (मालक-कामगार वादात मध्यस्थी करणारा सरकारी अधिकारी) झालेला करार नंतर भरती झालेल्या कामगारालाही लागू होतो. 'तू सभासद नाहीस, तुला कुपन नाही' हे चालत नाही. कुपन बंद करायचं तर आधी 21 दिवसांची नोटीस: जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम 9अ, नव्या औद्योगिक संबंध संहितेत कलम 40. कराराची मुदत संपली म्हणून ते आपोआप थांबत नाही.