सत्तरीत पूर ओसरल्यावर: मदतीला जाणाऱ्यांसाठी

23 जुलै 2021 च्या पावसात म्हादई आणि तिच्या उपनद्यांनी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात काठच्या वाड्यांमध्ये, म्हणजे छोट्या वस्त्यांमध्ये, पाणी घातले. 1982 नंतरचा हा सर्वांत मोठा पूर, असे गोव्याचे मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी तेव्हा सांगितले होते. त्याच दिवसांत आम्ही मित्र म्हापशाहून निघालो. अस्नोडा, डिचोली, साखळी, होंडा, वाळपई असा रस्ता. पुढच्या पावसाळ्यात कुणाला असेच जावे लागले, तर उपयोगी पडेल म्हणून हे लिहितो आहे.

निघण्यापूर्वी त्या वाड्यावरच्या कुणाशी तरी फोनवर बोला. पंचायतीचा पंच असेल, शाळेतल्या बाई असतील, ओळखीतला कुणीही चालेल. नदीकाठच्या वाड्याला एकच अरुंद रस्ता असतो आणि त्यावर मदतीच्या पाच गाड्या लागल्या की पाण्याचा टँकर अडतो. आम्ही गाड्या मुख्य रस्त्यावर ठेवून सामान डोक्यावरून नेले.

सामानात जुने कपडे नकोत. ओसरीवर कपड्यांचे गाठोडे आधीच येऊन भिजत पडलेले होते आणि घरातल्या बाई विचारत होत्या, "फावडे आणलेय का कुणी?" फावडी, घमेली, खराटे, बादल्या, जाड रबरी हातमोजे, गमबूट, ब्लीचिंग पावडर, टॉर्च, मेणबत्त्या, सॅनिटरी पॅड आणि कोरडा शिधा न्या. तांदूळ दिलेत तर चूल पेटेल याचीही सोय बघा, कारण सरपण भिजलेले असते. स्वतःचा डबा आणि पिण्याचे पाणी बरोबर हवेच. पूरग्रस्ताच्या घरी चहासुद्धा मागू नये. ते नाही म्हणणार नाहीत, आणि म्हणूनच मागू नये.

आता सर्वांत महत्त्वाचे. घरात शिरल्या शिरल्या फावडे चालवू नका. आधी घरच्या माणसाला विचारा, तलाठी येऊन पंचनामा झाला का? झाला नसेल तर भिंतीवरची पाण्याची रेघ, कोसळलेला भाग, भिजलेले धान्य, मोडलेली कपाटे, सगळ्याचे फोटो काढा. फोटोत घर ओळखू आले पाहिजे. भरपाई नंतर त्याच पुराव्यावर ठरते, आणि उत्साहाने आलेली मंडळी तासाभरात तो पुरावा गटारात लोटून मोकळी होतात. एका घरातल्या आजींनी आम्हाला उंबऱ्यावरच थांबवले. पत्र्याच्या ट्रंकेतून त्यांनी रेशनकार्ड, आधार, जमिनीचा एक-चौदाचा उतारा आणि बँकेचे पासबुक काढले. सगळे एकमेकांना चिकटलेले. ओल्या कागदांना ओढाताण केली की फाटतात, म्हणून आमच्यातल्या एकीने सुरीच्या बोथट बाजूने एकेक पान सोडवले आणि घरात सावलीला, वर्तमानपत्राच्या घड्यांवर पसरले. तिचा अख्खा दिवस त्यात गेला. माझ्या मते त्या दिवशीचे सर्वांत मोलाचे काम तेच होते.

मातीच्या घरात विशेष जपून वागा. पाणी ओसरल्यावरही भिंत आतून भिजलेली असते आणि ती नंतर कधीही खचते. भिंतीला टेकू नका, तिच्या पायथ्याशी मुलांना बसू देऊ नका, पाइपचा जोरदार फवारा मारू नका. गाळ मात्र ओला असतानाच काढा. ऊन पडले की तो सिमेंटसारखा बसतो. मेन स्विच बंद आहे याची खात्री झाल्याशिवाय आत जाऊ नये. कपाटाखाली, लाकडांच्या ढिगात हात घालण्यापूर्वी काठीने हलवून बघा, साप तिथेच आसरा घेतात.

विहीर घाईने उपसू नका. भोवतालची जमीन पाण्याने भरलेली असताना आतले पाणी एकदम काढले, तर कठडा आत येऊ शकतो. आरोग्य केंद्राच्या माणसांना विचारून क्लोरीन टाका, तोवर पाणी उकळूनच प्यावे. पायाला जखम असेल तर चिखलात उतरूच नका. लेप्टोची, म्हणजे दूषित पाण्या-चिखलातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाची, भीती खरी आहे. जाण्याआधी डॉक्टरांना भेटून गोळ्या आणि धनुर्वाताचे इंजेक्शन यांविषयी विचारा. परतल्यावर ताप आला तर चिखलात काम केल्याचे आवर्जून सांगा.

कुळागराकडे, म्हणजे घराजवळच्या सुपारी-मिरीच्या बागेकडे, फारसे कुणी बघत नाही. घर उभे राहते, पण मिरीच्या वेलींच्या बुडाशी साचलेला गाळ तसाच राहिला तर मुळे कुजतात. तिथे चर काढून पाणी वाहते करायला चार हात मिळाले, तरी घरच्या माणसाला मोठा आधार वाटतो. कुठे चर काढायचा हे त्यालाच दाखवू द्या.

संध्याकाळी उजेड असतानाच निघा. वरून पुन्हा पाऊस लागला, तर थांबू नका.

आणि शक्य असेल तर चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधी परत जा. पहिल्या आठवड्यात सगळेच येतात, नंतर वाडा रिकामा होतो. त्या वर्षी चवथ 10 सप्टेंबरला होती. भिंती जेमतेम सुकल्या होत्या. जमीन सारवायला, कौले चढवायला, गणपतीची खोली रंगवायला माणसे हवी होती. त्या खेपेला चुना, रंग आणि कौले न्या. किती लागतील ते घरच्यांना आधी विचारून घ्या.