हिरवा मोजा

आज दुपारी लेकीने माझा जुना हिरवा मोजा हातात चढवला, टेबल टेनिसचा बॉल अर्धा कापून डोळे चिकटवले (एक सुटून थेट माझ्या चहात) आणि म्हणाली, "बाबा, कर्मिट!" कर्मिट म्हणजे टीव्हीवरचा हिरवा बाहुला-बेडूक. तो बनवणाऱ्या अमेरिकन जिम हेन्सननेही १९५५ मध्ये हेच केलं होतं. आईचा जुना कोट आणि बॉलचे दोन तुकडे.

मग काय, कर्मिट आणि त्याच्या बाहुल्या-मंडळींच्या 'द मपेट शो'चे जुने भाग लावून बसलो. १९७६ ते १९८१, एकूण १२० भाग, आणि तेही इंग्लंडमध्ये, कारण अमेरिकन चॅनेलवाल्यांना नको होता!

याच बाहुल्यांची २०१५ ची मालिका मात्र एकाच सीझनमध्ये गुंडाळली. २०२३ ची 'मपेट्स मेहेम'सुद्धा.

"मग आता कर्मिट काय करतो?" लेकीने विचारलं.

काय सांगू? २००४ पासून तो डिस्नेच्या ताब्यात. माझं म्हणाल तर २०१५ च्या मालिकेतलं कर्मिट आणि त्याच्या मैत्रिणीचं, पिगीचं ब्रेकअप, ऑफिसातली कुजबुज हे सगळं नकोच होतं. जुन्या शोमधला नाटकाचा पडदा, मागची पळापळ आणि बाल्कनीतले ते दोन खवचट म्हातारे, बास. आपल्या अर्धवटरावाला तरी रामदास पाध्यांशिवाय कुठे काय लागतं?

मोजा धुवायला टाकला, तर लेक रुसून बसलीये.