बरं म्हणून बघ

वर्गात एखादं पोट्टं वाचायला उभं राहिलं की आधी त्याचा आवाज बदलतो. आत्ताच तर तो बाजूच्याला दात-ओठ खात विचारत होता, "माहा पेन काऊन घेतला बे?" एवढ्याशा वाक्यात राग होता, दोस्ती होती, आणि मॅडमचं लक्ष तर नाही ना, ही धाकधूकही होती. मग पुस्तक हातात येतं आणि तोच मुलगा वाचतो, "तू माझा पेन का घेतलास असे रमेशने विचारले." गिरणीतून पीठ पडावं तसं. एका धारेनं, एका सुरात. रमेशला पेन परत मिळाला काय, न मिळाला काय, कुणाला फरक पडत नाही.

नागपुरात इतवारीकडच्या एका शाळेत मी सहावीला मराठी शिकवते. प्रकट वाचनाचा तास नेमका जेवणाच्या सुट्टीनंतर. डब्यातली भाजी-पोळी पोटात, वर घरघरणारा पंखा, आणि फळ्यावर माझ्या सुवाच्य अक्षरात 'आरोह-अवरोह'. हा शब्द मी इतकी वर्षं लिहिते आहे, पण त्यामुळे कुणाचा आवाज वर गेलेला किंवा खाली आलेला मला आठवत नाही.

मागे एकदा मी नियम करून दिला होता. स्वल्पविरामाला मनात एक मोजायचं, पूर्णविरामाला एक-दोन. आठवडाभर सगळा वर्ग ओठ हलवत मोजत होता. एक मुलगी तर भरात वाचून गेली, "आई म्हणाली एक, बाळा एक, दूध पी एक दोन." उद्गारचिन्हाला जोर द्या म्हटलं, तर "अरेरे! आजोबांची काठी मोडली" हे वाक्य जामठ्याच्या मैदानावर विकेट पडल्यासारखं ऐकू आलं. मुलांचं काय चुकलं? मी चिन्हं वाचायला सांगितली, त्यांनी चिन्हं वाचली.

बरं, ही चिन्हं तरी आपल्याकडे कधीची? एकोणिसाव्या शतकात इंग्रजीच्या संगतीनं ती मराठीत रुळली. त्यात इंग्रज कोशकार मेजर कँडींचं नाव घेतात. त्याआधी मोडीत तर शब्दसुद्धा तोडून लिहीत नसत, ओळ आपली सलग धावायची. तरी कारभार चालले, पत्रं पोचली, भांडणंही झाली असतील. माझी आजी महाल भागातल्या घरी पोथी वाचायची तेव्हा ओवीच्या साडेतीन चरणांनंतर थांबायची आणि श्वास घ्यायची. सूर तिचाही एकच. पण तिचा आवाज दरवर्षी त्याच ठिकाणी भरून यायचा, आणि तिथे पोथीत कुठलंच चिन्ह नव्हतं. मी पाहिलंय.

म्हणून यंदा मी फळा पुसला आणि एकच शब्द दिला : 'बरं'. आई लवकर ये म्हणते, त्यावर म्हणून दाखवा. तापातून उठलेल्या मित्राला विचारा. कुणी गुपित सांगतंय आणि तुम्हाला पुढचं ऐकायचंय. संत्रीवाली दहा रुपयेही कमी करत नाही आणि तुम्ही निघालात. वर्ग पेटला. मागच्या बाकावरून धमकीचा 'बरं' आला, पुढून रुसलेला. मग 'म्हणे' घेतला. "तो अभ्यास करतो" आणि "तो म्हणे अभ्यास करतो" यातला फरक सहावीच्या पोरांना समजवावा लागत नाही. सगळे एकाच मुलाकडे बघून हसले.

त्या मुलाची खरी गंमत पुढे आहे. तो वाचताना सर्वांत सपाट. पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवसानंतर शाळा भरली, तर व्हरांड्यात पंधरा जणांना गोळा करून मारबत, म्हणजे त्या दिवशी नागपुरात निघणारी पुतळ्यांची मिरवणूक, सांगत होता. काळी मारबत १८८१ पासून निघते हे त्याच्या गावीही नव्हतं. पण गर्दीत बापाच्या खांद्यावर बसून काय दिसलं, काळी आणि पिवळी समोरासमोर आल्यावर लोक कसे उसळले, बडग्या नावाच्या पुतळ्याचं तोंड कसं होतं, सगळं आवाजानं उभं करत होता. "घेऊन जा गे मारबत" ही आरोळी त्यानं आधी लांबून दिली, मग जवळून. लांबून आणि जवळून! आरोह-अवरोह म्हणतात तो हाच ना?

मी म्हटलं, हेच लिहून आण, उद्या वाच. आपण फार हुशारी केली असं वाटलं मला.

दुसऱ्या दिवशी तो उभा राहिला आणि वाचू लागला, "काल मी माझ्या वडिलांसोबत मारबत पाहण्यास गेलो. तेथे खूप गर्दी होती. मला खूप आनंद झाला." पुन्हा गिरणी, पुन्हा पीठ. मी विचारलं, "अरे, काल तर 'माणसावर माणूस चढून राहिला होता' म्हणालास?" तो गोंधळला. "मॅडम, ते बोलायचं हाय. हे वहीतलं हाय."

त्या संध्याकाळी मोबाइलवर वर्गाचं रेकॉर्डिंग ऐकत होते. मुलांच्या आधी माझं 'आदर्श वाचन' होतं. स्वयंपाकघरातून लेक बाहेर आली. "आई, ही कोण बाई?" मी म्हटलं, "मीच." ती म्हणाली, "तू असं कुठे बोलतेस?" प्रत्येक वाक्य शेवटी त्याच पायरीवर उतरत होतं, बातम्या द्याव्यात तसं. आजोबांची काठी माझ्याही तोंडी बातमीच झाली होती.

दुसऱ्या दिवशी त्याला म्हटलं, वहीत तेच लिही, जसं बोललास तसं. 'चढून राहिला होता' सुद्धा. त्यानं दोनदा विचारलं, "लाल पेन नाही ना मारणार?" नाही म्हटलं. लिहिलं त्यानं. वाचताना पहिल्या दोन ओळी पुन्हा सपाट गेल्या. तिसऱ्या ओळीत बाप आला, खांदा आला, आणि आवाज जरासा सुटला. आरोळीपाशी मात्र तो थबकला आणि माझ्याकडे बघू लागला. बाजूच्या वर्गात गणिताचे सर होते.

"दे," मी म्हटलं.

"बरं," तो म्हणाला. त्या 'बरं'पुढे कुठलं चिन्ह द्यावं, मला अजून सुचलेलं नाही.