प्रवेश रद्द करण्याचा अर्ज

नवी मुंबईतील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी शिष्यवृत्ती विभागाचे काम पाहते. महाडीबीटी या राज्य शासनाच्या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर आलेले अर्ज तपासायचे, त्रुटी असलेले विद्यार्थ्यांकडे परत पाठवायचे आणि बाकीचे प्राचार्यांच्या लॉगिनमधून वेळेत पुढे जातील याकडे लक्ष ठेवायचे, असे हे काम आहे. ते बाहेरून रुक्ष वाटते, पण एखाद्या मुलीचे शिक्षण पुढे चालणार की थांबणार, हे अनेकदा या टेबलावरच ठरते. दुसऱ्या वर्षाचे वर्ग नुकतेच सुरू झाले असताना आलेल्या एका मायलेकींची हकीकत म्हणूनच लिहून ठेवावीशी वाटते.

मुलगी माझ्या ओळखीची होती. पहिल्या वर्षी चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालेली, तुर्भे स्टोअरच्या वस्तीतून रोज बसने येणारी. तिने पुढे केलेला कागद म्हणजे प्रवेश रद्द करून मूळ कागदपत्रे परत मिळावीत, असा अर्ज होता आणि कारणाच्या जागी ‘घरगुती अडचण’ एवढेच लिहिले होते. आई शेजारी उभी होती. वाशीच्या मसाला बाजारात मिरचीचे देठ खुडण्याचे काम ती करते, हे मला नंतर कळले. पण तिच्या बोटांची लाल झालेली टोके मला आधीच दिसली होती. मुलीच्या गुणपत्रिकेला डाग पडू नये म्हणून ती फाइलला हात न लावता बोलत होती.

‘‘मॅडम, पोरीचं नाव काढून टाका,’’ ती म्हणाली. ‘‘बोर्डावर नाव लागलंय. अठ्ठेचाळीस हजार आणायचे कुठून? आणि सरकारनं तर पोरींचं शिक्षण फुकट केलंय म्हणतात, मग हे पैसे कसले?’’

हा प्रश्न हल्ली आमच्याकडे सतत विचारला जातो आणि तो विचारणाऱ्यांचे काहीही चुकत नाही. राज्य शासनाने 8 जुलै 2024 रोजी घेतलेला निर्णय मोठा आहे. केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला आलेल्या आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातील मुलींना त्यानुसार शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. पूर्वी ही सवलत निम्मी होती. मात्र अनुसूचित जातीच्या मुलींसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती ही वेगळी आणि फार जुनी योजना आहे. ती 1944 पासून चालू आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते, तेव्हाचा तो काळ; त्यांनी सरकारकडे धरलेल्या आग्रहाचे हे फळ आहे, हे अर्ज भरणाऱ्या मुलामुलींना क्वचितच कोणी सांगते. आज या योजनेसाठी उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे आणि या मुलीचा अर्ज याच योजनेत मंजूर झालेला होता.

मंजूर झालेला असूनही तिच्या नावावर बाकी दिसत होती, ती पैसे देण्याच्या पद्धतीमुळे. 2021-22 पासून या शिष्यवृत्तीतील केंद्राचा 60 टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या आधारशी जोडलेल्या खात्यात जातो आणि त्यातील शुल्काची रक्कम विद्यार्थ्याने महाविद्यालयात भरायची असते. मधली गळती थांबावी, हा त्यामागचा हेतू योग्यच आहे. परंतु पैसे नेमके कोणत्या खात्यात गेले, हे मुलीला ठाऊक नसेल, तर शासनाच्या लेखी ते दिलेले असतात, महाविद्यालयाच्या लेखी येणे असतात आणि मुलीच्या लेखी आलेलेच नसतात. अशा मुलींची नावे थकबाकीदार म्हणून फलकावर लावण्याची पद्धत काही महाविद्यालयांत आहे. मला ती मुळीच पटत नाही, कारण त्या यादीकडे पाहून शेजारपाजारचे एवढाच अर्थ काढतात की पोरीने फी बुडवली.

मी तिला पासबुक मागितले. अर्जासोबत जोडलेल्या खात्यात खरोखरच काही जमा नव्हते. तिने वर्षभर दर पंधरवड्याला जाऊन नोंदी छापून घेतल्या होत्या. सगळ्या पानांवर शंभर-दोनशेच्या नोंदींपलीकडे काही नव्हते. पण अर्जात कोणता खाते क्रमांक लिहिला आहे, याला या व्यवहारात फारसे महत्त्व नसते. आधार शेवटचे ज्या बँकेशी जोडले गेले असेल, तिथे रक्कम जाते. ही जोडणी आधारच्या संकेतस्थळावर पाहता येते, पण त्यासाठी आधारला नोंदवलेल्या मोबाइलवर येणारा ओटीपी लागतो आणि तिच्या आधारला मोबाइल नोंदवला होता लातूरकडे राहणाऱ्या मामाचा.

मामा रानात होते. पहिल्यांदा फोन लागला तेव्हा रेंज गेली, दुसऱ्यांदा ओटीपी सांगेपर्यंत त्याची मुदत संपली. ‘‘मामा, बांधावर येऊन उभे राहा, हलू नका,’’ असे मुलीने मोठ्याने सांगितले, तेव्हा शेजारच्या टेबलावरचे सहकारीही हातातले काम थांबवून बघू लागले. अखेर आकडे जुळले आणि पडद्यावर एका वेगळ्याच बँकेचे नाव आले. पुढे जोडणीची तारीख होती. ती तारीख पाहिल्यावर मुलगी आईकडे वळली आणि म्हणाली, ‘‘आई, ते टेबल टाकून बसले होते ना, ते.’’

बारावीनंतरच्या सुट्टीत त्यांच्या वस्तीत एका बँकेचा प्रतिनिधी शून्य शिलकीची खाती उघडून देत होता. अंगठा लावून घेतला, पुढे एक पाकीट घरी आले आणि ते कपाटावर पडून राहिले. आधार या खात्याला जोडले जाईल आणि इथून पुढे शासनाची प्रत्येक रक्कम इथेच येईल, हे तिला कोणी नीट समजावून सांगितले नव्हते. संमतीच्या कागदावर सही असेलही, पण अठरा वर्षांच्या मुलीला कशाला संमती मागतो आहोत हे कळलेच नसेल, तर त्या सहीला संमती म्हणायला माझे मन तयार होत नाही.

बँकेची वेळ संपण्याआधी पोहोचणे आवश्यक होते. मी तिला बोनाफाईड प्रमाणपत्र आणि शिष्यवृत्ती मंजूर असल्याचे पत्र काढून दिले, प्राचार्यांची सही घेतली आणि शाखेत काय मागायचे ते एका कागदावर लिहून दिले: खात्याचा क्रमांक, शिल्लक, वर्षभराचा खाते उतारा आणि केवायसी अपुरी असल्यास ती पूर्ण करण्याचा अर्ज. आई अजूनही प्रवेश रद्द करण्याच्या अर्जाकडे बघत होती. ‘‘हा राहू द्या का तुमच्यापाशी?’’ तिने विचारले. मी म्हटले, ‘‘ताई, हा तुमच्याकडेच ठेवा. मी तो आवक नोंदीत घेतलेला नाही.’’ एकदा आवक क्रमांक पडला असता, तर पुढची प्रक्रिया सुरू झाली असती. प्रवेश रद्द झालेल्या मुलीला पुन्हा त्याच जागेवर आणणे किती अवघड असते, याची या कामात असलेल्या प्रत्येकाला कल्पना आहे.

कार्यालय बंद होण्याच्या सुमारास फोन आला. मुलीला नीट बोलता येत नव्हते, म्हणून फोन आईने घेतला. शुल्काची रक्कम होती, निर्वाहभत्त्याचा वाटाही होता आणि दोन्ही कित्येक महिन्यांपूर्वी जमा झालेले होते. भत्त्याचे पैसे म्हणजे काय, हे तिला समजावून सांगावे लागले. ते पोरीच्या बसभाड्यासाठी आणि पुस्तकांसाठी आहेत, महाविद्यालयाला द्यायचे नाहीत, हे तिने दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग म्हणाली, ‘‘म्हणजे मी उगाच उचल मागितली मुकादमाकडं.’’

केवायसी पूर्ण होऊन पैसे हाती यायला काही दिवस लागले. त्या काळात तिचे नाव फलकावरून उतरवावे, अशी लेखी विनंती मी केली आणि ती मान्य झाली. शुल्क भरल्यावर तिने आधारची जोडणी स्वतःच्या नेहमीच्या खात्याला करून घेतली आणि मोबाइल क्रमांकही बदलून घेतला, तेव्हा कुठे यंदाचा नूतनीकरणाचा अर्ज मी पुढे पाठवला. आता प्रवेशाच्या दिवशीच प्रत्येक मुलीची बँकजोडणी तिच्यासमोर तपासून, बँकेचे नाव तिच्या हाताने अर्जावर लिहून घ्यावे, असे मी प्राचार्यांना सुचवले आहे. त्याला प्रत्येकीमागे दहा मिनिटे लागतात आणि प्रवेशाच्या गर्दीत दहा मिनिटे फार असतात, हे मला मान्य आहे. तरीही ती द्यायलाच हवीत, असे माझे ठाम मत आहे, कारण ज्या मुली अर्ज घेऊन येतात त्यांच्यासाठी काही करता येते. परंतु परीक्षेचा अर्जच न भरता ज्या गप्प बसतात, त्या आमच्या नोंदीत केवळ ‘अनुपस्थित’ म्हणून उरतात.

पुढच्या आठवड्यात तीच मुलगी वस्तीतल्या दोघींना घेऊन आली. दोघी वेगवेगळ्या महाविद्यालयांत शिकणाऱ्या. त्यांचे अर्ज माझ्या लॉगिनमध्ये येत नाहीत, पण जोडणी पाहायला लॉगिन लागत नाही. एकीचे सगळे ठीक होते. दुसरीचे आधार कोणत्याच बँकेशी जोडलेले नव्हते. तिला जोडणीचा अर्ज कसा भरायचा ते दाखवून त्याच दुपारी बँकेत पाठवले.